पतीचं नाव नसलेल्या चार ओळी

"अरे ताई, आप किधर लाइन में? ये तो शादीशुदा लेडीज का कैंप है. आपकी गाड़ी तो शोरूम में ही खड़ी है, सर्विसिंग काहे की!"

शाळेच्या सभागृहात तीस-चाळीस बायका होत्या. शिक्षिका, झाडलोट करणाऱ्या मावशी, काही मुलांच्या आया. सगळ्या हसल्या. बोलणाऱ्या बाई म्हणजे आमच्या संस्थेच्या अध्यक्षांच्या पत्नी. त्यांना सगळे भाभीजी म्हणतात. त्यांनी यादीतल्या माझ्या नावावर लाल रेघ ओढली. मग आणखी तीन नावांवर.

मीही हसले. लिहायला जड जातंय, पण खरं आहे. त्या शोरूमवर मीही हसले.

पलासिया भागातल्या या शाळेचं कार्यालय मी बावीस वर्षं सांभाळते. वय सत्तेचाळीस. लग्न केलं नाही. याद्या करणं हे माझं काम. परीक्षेच्या, बसच्या, गणवेशाच्या. बायकांच्या तपासणी शिबिराची यादीही माझीच. नाव, वय, पतीचं नाव, मोबाइल. हे रकाने मी ठरवलेले नाहीत. पण मी ते कधी बदललेही नाहीत. ज्यांच्यापुढे पतीचं नाव नसे त्या चार ओळी दरवर्षी मी स्वतःच काढून टाकायची. त्यातली एक माझी. कोणी सांगावं लागत नव्हतं. यादी नीटनेटकी दिसायची.

यंदा काढल्या नाहीत. माझ्या आत्यामुळे. ती महूला शिक्षिका होती, तीही बिनलग्नाची. छातीतली गाठ तिने दीड वर्ष लपवली. दवाखान्यात नेलं तेव्हा फार उशीर झाला होता. मी चिडून विचारलं, आधी का नाही बोललीस? म्हणाली, "कुंवार बाईने छाती दाखवायची म्हटलं, की लोक आधी कारण विचारतात गं."

होळीच्या आधी ती गेली. तेव्हापासून आंघोळ करताना माझी बोटं रोज तिथेच जातात. काही लागत नाही. लागलं तरी मला समजेल का, माहीत नाही. म्हणून रांगेत उभी होते.

रेघ ओढून झाल्यावर मी कार्यालयात येऊन बसले. मागोमाग नेहा आली. आमची कॉम्प्युटरची शिक्षिका, चौतीस वर्षांची. तिचंही नाव काटलं होतं. डोळे लाल.

"ताई, मी घरी सांगितलंच नव्हतं. मम्मी बोलली असती, लड़केवाले क्या सोचेंगे. माझ्या आजीला होतं ना, म्हणून मला टेन्शन आहे. पण हिम्मत नव्हती. यादीत तुमचं नाव बघितलं, तेव्हा आले."

माझं नाव बघून.

म्हणजे इतकी वर्षं मी ते नाव काढत होते, तेव्हा कोण कोण आलं नसेल?

मी उठले. नेहाला घेऊन परत सभागृहात गेले. थेट डॉक्टरच्या टेबलापाशी.

"डॉक्टर, छातीच्या तपासणीला नवरा असावा लागतो का?" मोठ्यानेच विचारलं.

डॉक्टर तरुण मुलगी होती. गोंधळली. "नाही हो. आम्ही वय बघतो. घरात कुणाला होतं का, ते बघतो."

"मग आमची नावं का काटली?"

ती भाभीजींकडे बघू लागली. भाभीजी हसत होत्या, पण आवाज बदलला होता. "ताई, मर्यादा रखो. कल को इस लड़की का रिश्ता आएगा. लोग पूछेंगे, शादी से पहले कौन-सी जाँच कराने गई थी?"

नेहाने माझ्याकडे बघितलं नाही. मान खाली घालून मागच्या दाराने निघून गेली.

मी एकटीच पडद्यामागे गेले.

डॉक्टरने तपासलं. मग हळू आवाजात विचारलं, शरीरसंबंध आलेत का, त्यावर गर्भाशयमुखाची तपासणी करायची की नाही ते ठरतं. मला राग आला नाही. हा प्रश्न असाच विचारायचा असतो. उत्तर मी तिला दिलं. इथे देणार नाही. आत्याचं ऐकल्यावर ती म्हणाली, "हाताला काही लागत नाही, पण मॅमोग्राफी करून घ्या. टाळू नका."

सोमवारी शिबिराच्या यादीचं काम माझ्याकडून काढून घेतलं. नेहा मला जिन्यात टाळते. तिची तपासणी अजून झालेली नाही. तिच्या आजीचा विचार मनातून जात नाही.

गुरुवारी मी सरकारी रुग्णालयात जाणार आहे. रजेचा अर्ज दिला. अशा वेळी आम्ही बायका कारणाच्या जागी लिहितो, 'घरगुती काम'. मीही बावीस वर्षं तेच लिहिलं. या वेळी लिहिलं, 'स्तनांची तपासणी'. रजेचे अर्ज घेणाऱ्या बाबूजींनी कागद परत सरकवला. "ताई, कुछ और लिख दो ना. ऊपर तक जाता है."

"माहीत आहे," म्हटलं. "जाऊ द्या."

अर्ज तीन टेबलांवरून फिरेल. शिक्षिकांच्या खोलीत चर्चा होईल. होऊ दे. नेहाच्याही कानावर जाऊ दे. गुरुवार, सकाळी दहा. मी शाळेच्या फाटकापाशी थांबेन. ती आली नाही तर एकटी जाईन. पुढच्या महिन्यात तिच्यासाठी परत थांबेन.