आरशासमोरचा गॉगल

गॉगलवाल्याने मला फसवलं. काच काळीकुट्ट, तरी डांबरी रस्त्याची चकाकी थेट डोळ्यांत घुसते, आणि घाम आला की गॉगल नाकावरून घसरतो. काल मावळतीच्या उन्हात टेम्पो चालवताना तो सावरायला हात वर गेला, तेवढ्यात समोर म्हातारी आली. ब्रेक लागला म्हणून वाचली.

"डोळे घरी ठेवून आलास का रे मेल्या?" ती ओरडली.

मी मिरचीचा व्यापारी. पोतं उन्हात ओतल्याशिवाय भाव बोलत नाही. पण गॉगल घेताना सगळ्यांसारखाच ट्यूबलाइटखाली आरशात बघत राहिलो. "शेठ, हिरो दिसताय!" गॉगलवाला म्हणाला, आणि भाव पाडल्याच्या खुशीत मी हसलो. जग बघायला घेतलेली वस्तू घालून माणूस आधी स्वतःचं तोंड बघतो. दुकानात आरसा असतो, ऊन नसतं. गिऱ्हाइकाची ही खोड दुकानदाराला पक्की ठाऊक असते.

आज त्याला दंड धरून बाहेर आणलं आणि तोच गॉगल त्याच्या नाकावर चढवला. "वाक. आता त्या छपराच्या तळपत्या पत्र्याकडे बघ."

गॉगल घसरला, डोळे मिटले. "शेठ, आत बसून बोलू ना."

"आत नाही. त्या म्हातारीला काय सांगू, ते इथे उन्हात सांग."