दिवसाची झोप

आमच्या खिडकीच्या चौकटीला अजून खिळे आहेत. बारदान कधीच कुजलं. घरात आम्ही दोघंच, तेव्हा खिळे उपटून टाकायची घाई तरी कुणाला!

नव्वदनंतरची ती वर्षं. हे लोणी देवकरच्या एका कारखान्यात रातपाळीला होते. सकाळी यायचे, भाकरी खाऊन आडवे व्हायचे. डोळ्यावर उजेड नको म्हणून मी खिडकीला बारदान ठोकलं होतं, दुहेरी. भर दुपारी ती खोली काळीकुट्ट. मी भांडंसुद्धा वाजू द्यायची नाही. तरी हे दचकून उठायचे.

"कोण रडतंय गं?"

"कुणी न्हाय. झोपा."

रडणारं होतंच कोण? लग्नाला वर्षं उलटली, पाळणा हलला नव्हता. माझ्या अंगावर काटा यायचा.

खरं तर पाळ्या बदलायच्या. पण कुणाचं पोरगं आजारी, कुणाची बायको बाळंतीण. "तुला काय राव, ना मूल ना बाळ. घे की माझी रातपाळी!" आणि हे घ्यायचे. असला उपकारी माणूस नेमका माझ्याच वाट्याला यावा!

तपासण्या सगळ्या माझ्या, उपास माझे, बोलणी मलाच. शेवटी बारामतीच्या डॉक्टरीणबाईंनी ह्यांनाही तपासायला लावलं, आणि उणं तिथं निघालं. बाई म्हणाल्या, "पुरुषाचं हार्मोन झोपेत भरून येतं. शरीराला आपलं घड्याळ असतं, ते तुम्ही उलटं केलंय. हेच एक कारण असेल असं मी म्हणत नाही. पण तीन-चार महिने रात्रीचं झोपून बघा. नवे शुक्राणू तयार व्हायला तेवढा वेळ लागतोच."

येष्टीनं इंदापूरला आलो. उतरल्यावर हे म्हणाले, "कुणाला बोलू नको."

ह्यांनी दिवसपाळी मागून घेतली, पाठीचं दुखणं सांगून. मी बारदान काढलं. खोलीत ऊन आलं. हे रात्री घोरायला लागले, आणि मला ते घोरणंसुद्धा गोड लागायचं. मी वेडी आशेला लागले. चोरून एक टोपडं शिवायला घेतलं.

टोपड्याला नाड्या लावायच्या तेवढ्या राहिल्या होत्या. ह्यांच्यासोबत काम करणारा एकजण पेढे घेऊन आला. मुलगा झाला होता त्याला.

"वहिनी, तोंड गोड करा." मग ह्यांच्याकडं वळून, "राव, पोरगं रातभर जागवतंय, बायको एकटी पडती. आता तुझी पाठ बरी दिसती. माझी रातपाळी घे की. तुला काय..."

मी ह्यांच्या तोंडाकडं बघत राहिले. सांगा ना! एकदा तरी न्हाय म्हणा! ह्यांचे कान लाल झाले. खरं बोलावं, तर कारखानाभर बोभाटा.

"घेतो की," म्हणाले. "त्यात काय."

पेढा भिंतीवर भिरकावून द्यावा असं वाटलं. पण पाहुणा समोर होता, म्हणून खाल्ला.

दुसऱ्या दिवशी हे कामावरून यायच्या आत मी बारदान पुन्हा ठोकलं. दुपारी अंधारातून आवाज आला, "कोण रडतंय गं?"

मी उंबऱ्यात बसले होते, पदराचा बोळा तोंडात कोंबून. तो काढला.

"कुणी न्हाय," म्हटलं. "झोपा."