कनेक्शन खाजगी नाही

महाडला आमच्या घरी एकच संगणक आहे, बाहेरच्या खोलीत. मुलगी त्यावर बारावीचा अभ्यास करायची, मी शाळेची कामं करते. काही महिन्यांपूर्वी एका रविवारी त्यावर कुठलीच साइट धड उघडेना. बँक, मेल, काहीही लावलं की लाल चिन्ह आणि खाली तेच वाक्य: तुमचं कनेक्शन खाजगी नाही.

मोबाइलवर सगळं नीट चालत होतं. संगणकाची तारीख-वेळही बरोबर होती. वायफाय बंद करून मोबाइलचं नेट जोडलं, तरी इशारा जाईना. म्हणजे बिघाड लाइनीत नव्हता, संगणकातच होता.

पोलादपूरला मी ज्या शाळेत शिकवते, तिथल्या संगणकाच्या बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, इशाऱ्यावर क्लिक करून सर्टिफिकेट, म्हणजे साइट खरी असल्याचा दाखला, उघडा आणि ते कुणी दिलंय ते वाचा. बँक, मेल, मुलीच्या क्लासची साइट, सगळ्यांना एकाच कंपनीचं सर्टिफिकेट होतं, आणि तिचं नाव मी कधी ऐकलेलं नव्हतं. त्याची मुदत आदल्या दिवशी संपली होती.

मी ते वाचून दाखवलं. मग बाई म्हणाल्या, "मॅडम, तुमच्या संगणकात कुणीतरी पाळत ठेवायचा प्रोग्राम टाकलाय. तुम्ही जे उघडता ते आधी त्याच्यातून जातं. मुदत संपली म्हणून कळलं, नाहीतर कळलंही नसतं."

बाहेरचा कुणी चोर असणार असं वाटून मी मिस्टरांना हाक मारली. ते एमआयडीसीत नोकरीला आहेत. सुट्टी होती म्हणून आत पेपर वाचत होते. मी कंपनीचं नाव सांगितलं, तर पेपर खाली न ठेवताच म्हणाले, "तो मीच टाकलाय. चोर-बीर कुणी नाही."

अकरावीत मुलगी मागे पडली, तेव्हा ती दिवसभर काय बघते ते कळावं म्हणून टाकला, असं त्यांनी सांगितलं. तिची काळजी मलाही होती. पण त्याच संगणकावरून मी माझ्या बहिणीला मेल लिहायचे. सासूबाईंच्या आजारपणात झालेली माझी ओढाताण, ह्यांच्यावरचा राग, सगळं तिला लिहिलेलं होतं.

"माझंही वाचलंत?"

"समोर यायचं," ते म्हणाले. "सगळं नाही वाचलं."

प्रोग्राम त्यांनी लगेच काढला, त्याचं सर्टिफिकेटही काढून टाकलं. साइट उघडायला लागल्या. मुलीला तुम्हीच सांगा, असं मी बजावलं. संध्याकाळी तिच्यासमोर बसून त्यांनी सांगितलं, चुकलं म्हणाले. माझ्याकडे वळून तिनं विचारलं, "आई, तुला माहीत होतं?"

नव्हतं, असं मी सांगितलं. तिनं मान हलवली, पण तिचा विश्वास बसलेला दिसला नाही.

हल्ली ती अभ्यासाला मैत्रिणीकडे जाते. हे बाहेरच्या खोलीत येताना मुद्दाम खाकरतात. मी बहिणीला मेल लिहायला बसते, खुशाली लिहून होते, आणि पुढे काय लिहावं ते सुचत नाही.