ट्रेलरच्या मागची जागा

आमच्या ह्यांची मान वळत नाही, हे मला किकवीच्या एसटी थांब्यावर कळलं. मी भाजी घेऊन उजव्या बाजूनं आले आणि हाक मारली, तर हे मान न वळवता पायांसकट अख्खे माझ्याकडं फिरले. मला हसू आलं. ह्यांना आलं नाही. भोरच्या डॉक्टरांनी फोटो काढून सांगितलं की मानेचे मणके एकमेकांना चिकटत चाललेत. गोळ्यांनी दुखणं कमी होईल, पण मान पूर्वीसारखी वळेल असं धरून चालू नका.

त्याआधी हे कितीतरी वर्षं टेम्पो चालवायचे. नोकरी सोडली आणि एक जुनी पिकअप घेऊन तिच्या मागं जोडायचा ट्रेलर बनवून घेतला. चाकांवरची पत्र्याची खोलीच म्हणा ना. आत गॅस, तवा, पाण्याची टाकी, मांडण्या. एका बाजूची फळी खाली पाडली की काउंटर तयार. शनिवारी, रविवारी सकाळी तो किकवीहून पानशेतला न्यायचा, धरणाच्या पाण्याकाठी लावायचा आणि पुण्याहून येणाऱ्यांना पिठलं-भाकरी, भजी, चहा द्यायचा. जागा नणंदेच्या शेताच्या कडेची. ती तिथंच दिलेली. स्वयंपाक तीच करते, आणि माझ्या पिठल्याला तिच्या पिठल्याची सर नाही, असं गिऱ्हाईक तोंडावर सांगतं.

म्हणजे तिथं माझी गरज अशी नव्हती. माझी गरज होती ती फक्त गाडी मागं घेताना.

ट्रेलर जोडलेली गाडी मागं घेणं हा उलटा हिशोब असतो. स्टिअरिंग डावीकडं फिरवलं की ट्रेलर उजवीकडं जातो. जरा जास्त फिरवलं तर ट्रेलर आणि गाडी एकमेकांवर घडी पडायला बघतात. इतर ड्रायव्हर खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढून मागं बघतात. ह्यांना ते जमत नव्हतं. आरशांचा उपयोग थोडा वेळच. ट्रेलर वळला की एका आरशात नुसता पत्रा दिसतो आणि दुसऱ्यात झाडं. मग मी मागं उभी राहायची. तळहातानं पत्र्यावर टपटप वाजवत राहायचं, म्हणजे येऊ द्या. थांबायचं असलं की ओरडायचं, "बास!" आमच्यात हे कधी ठरलं कोण जाणे. पण तीच सवय पडून गेली.

त्या टपटपीत माझे सगळे शनिवार-रविवार गेले. लग्नाआधी माझी बी.ए.ची दोन वर्षं झाली होती. राहिलेलं वर्ष बाहेरून पूर्ण करावं म्हणून मी नाव घातलं, तर वर्ग भोरला आणि ते रविवारी. एकदा पुस्तकं आली, तशीच राहिली. पुढच्या वर्षी पुन्हा नाव घातलं, पुन्हा तेच. सोमवार ते शुक्रवार मला कुणी अडवत नव्हतं, आणि त्या दिवसांत वर्ग नव्हते. पानशेतला ट्रेलर लागला की नणंद भाकरी थापायची आणि मी काठावर बसून पाण्याकडं बघायची. संध्याकाळी गाडी निघेपर्यंत मला तिथून हलता यायचं नाही. कारण निघतानाही एकदा मागं घ्यावी लागायची.

एका रविवारी पुण्याचं एक म्हातारं जोडपं राहायची गाडी घेऊन आलं. आत पलंग, मोरी, सगळं. त्या गृहस्थांनी ती गाडी आमच्या शेजारी मागं घेऊन लावली. बाई खाली उतरल्यासुद्धा नाहीत. आत बसून सफरचंद कापत होत्या. मी जाऊन विचारलं तर त्यांनी पुढचा छोटा पडदा दाखवला. मागं लावलेल्या कॅमेऱ्यातून त्यात मागचा रस्ता दिसत होता. आमच्या ट्रेलरची चाकं दिसत होती, आणि चाकाशी बसलेलं कुत्रंही.

परत येताना मी ह्यांना म्हणाले, "आपण तसला कॅमेरा लावू या का?"

"कशाला? तू हायेस की."

पुढं मी हे दोन-तीनदा तरी बोलले असेन. उत्तर तेच. तू हायेस की. रागानं नाही, प्रेमानंच म्हणायचे. त्यामुळं पुढं काही बोलताही यायचं नाही.

श्रावणातली गोष्ट. वेल्ह्याच्या रस्त्यानं विंझरपर्यंत येऊन आम्ही पाबे घाट चढत होतो. पाऊस बारीक होता, पण धुकं एवढं की पुढचं वळण जवळ आल्यावरच दिसायचं. एका ठिकाणी दरडीची माती अर्ध्या रस्त्यावर आली होती. तिथंच समोरून एसटी उतरत आली. एसटीच्या मागं गाड्यांची रांग. तिला मागं जाता येईना. मग आम्हीच उताराला, मागच्या रुंद वळणापर्यंत जायचं ठरलं.

मी उतरले. दरीच्या बाजूला उभं राहायची मला भीती वाटायची, म्हणून डोंगराच्या बाजूनं गटाराच्या कडेला उभी राहिले आणि पत्रा वाजवायला लागले. ट्रेलर हळूहळू येत होता. मी मान वळवून खाली वळणाकडं बघितलं, कुणी वर येतंय का म्हणून. तेवढ्यात ह्यांचं स्टिअरिंग थोडं जास्त फिरलं आणि ट्रेलरचा मागचा कोपरा डोंगराकडं आला. मी मागं सरले, तर पाठीला खडक. पाय गटारात गेला. पत्रा छातीला लागला आणि तिथंच राहिला.

मी ओरडायला तोंड उघडलं, पण आवाज निघेना. ओरडायला छातीत हवा लागते आणि हवा घ्यायला जागा नव्हती. माझा एक हात मोकळा होता. तो पत्र्यापर्यंत पोचतही होता. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की पत्रा वाजवला तर हे गाडी आणखी मागं घेतील. आमच्या भाषेत त्याचा तोच अर्थ होता. मी हात खडकाला लावून घट्ट धरून ठेवला. जिवाच्या आकांतानं वाजवावंसं वाटत होतं आणि वाजवायचं नव्हतं.

टपटप बंद झाली म्हणून हे थांबले. खिडकीतून ह्यांचा आवाज आला, "येऊ द्यू का?"

मी गप्प.

"अगं, येऊ द्यू का?"

पाऊस, एसटीचं इंजिन, वरच्या गाड्यांचे हॉर्न. पत्र्याला जुन्या तळणीच्या तेलाचा वास येत होता. खडकावरून पाणी माझ्या मानेतून आत पाठीवर उतरत होतं. मला एवढंच वाटत होतं की ह्यांनी तिसऱ्यांदा विचारू नये. तिसऱ्यांदा विचारून उत्तर आलं नाही तर माणूस आपल्या मनानंच काहीतरी ठरवतो.

एसटीचा कंडक्टर काय अडलंय ते बघायला खाली आला होता. तो ट्रेलरला वळसा घालून आला आणि मला बघून मोठ्यानं ओरडला, "ओ ड्रायव्हर! बाई अडकलीय! ब्रेक सोडू नका!"

चढावर गाडी पुढं घेताना आधी बोटभर मागं येते, हे त्याला कळत होतं आणि मलाही. त्यानं दरडीतला एक मोठा दगड आणून चाकामागं लावला, पायानं ठोकून घट्ट बसवला, आणि मग म्हणाला, "आता घ्या पुढं. एकदम बेतानं."

पत्रा सुटला. मी गटारातच बसले. हे धावत आले. माझ्याकडं बघताना ह्यांना सगळं अंग वाकवावं लागत होतं. "म्या इचारत व्हतो की," एवढंच म्हणत राहिले. "म्या इचारत व्हतो की तुला."

त्या दिवशी पानशेतला गेलो नाही. भोरला जाऊन फोटो काढला. फासळी मोडली नव्हती, पण पुढं बरेच दिवस हसलं, खोकलं की कळ यायची. ट्रेलर घरापुढं उभा राहिला. एक दिवस हे म्हणाले, "इकून टाकतो."

"विकून काय करायचं? कॅमेरा लावू."

 हे म्हणाले, "तू मागं उबी ऱ्हातीस ते बगून लोकांना काय वाटतंय? बायको ध्यान ठेवतीय. सगळ्यांचीच बायको ठेवती. कॅमेरा लावला की इचारतील, का लावला? मग मानेचं सांगावं लागंल. मान गेलेला ड्रायव्हर म्हंत्याल."

इतकी वर्षं ह्यांच्या 'तू हायेस की' मागं हे होतं. मी ज्या जागी अडकले होते, तिच्याच पुढच्या टोकाला हे अडकून बसले होते. मला वाईट वाटलं. पण कॅमेऱ्याचं मी सोडलं नाही.

महामार्गावरच्या एका दुकानात आम्ही ट्रेलर जोडूनच गेलो. दुकानदारानं आधी वायरचा कॅमेरा दाखवला. चित्र स्वच्छ, पण वायर पिकअपपासून ट्रेलरच्या टोकापर्यंत न्यायची आणि ट्रेलर सोडताना दर वेळी मधली पिन काढायची. आमची दिव्याची पिनच पावसाळ्यात चिखलानं भरते आणि दिवे जातात. तो बाजूला ठेवला. दुसरा बिनवायरचा होता, चित्र मोबाईलवर दिसणारा. त्यात हे मोबाईल धरून बसले असताना नणंदेचा फोन आला आणि चित्रच गेलं. "घाटात फोन आला तर?" मी विचारलं. दुकानदार म्हणाला, "उचलायचा नाही." मी म्हणाले, "उचलायचा नाही, पण चित्र तर गेलंच ना?"

तिसरा स्वतःच्या पडद्याचा, बिनवायरचा. तो दुकानदारानं ट्रेलरला तात्पुरता लावला. मी म्हणाले, थांबा, मी मागं उभी राहते. मी हात वर करेन, खाली करेन; ह्यांनी आत बसून मोठ्यानं सांगायचं. मी हात वर केला.

"वर," हे म्हणाले.

खाली केला. "खाली." पुन्हा वर, पुन्हा खाली. मग एकदा मी हात खाली केला आणि हे काहीच बोलले नाहीत. मी बाजूला सरले. ट्रेलरच्या मागून पार निघून गेले. आतून आवाज आला, "वर."

मी पुढं जाऊन बघितलं. पडद्यावर मी अजून उभीच होते, हात वर करून. चित्र गोठलं होतं. आतल्या मांडण्या, पाण्याची टाकी, सगळं लोखंड मध्ये येत असल्यानं सिग्नल तुटत होता. पडदा काळा झाला असता तर माणूस थांबला असता. हा मात्र मघाचाच रस्ता दाखवत होता. उद्या उलटंही होईल: रस्ता मोकळा दिसेल आणि मागं कुणी उभं असेल. ह्यांचा चेहरा उतरला. मला म्हणाले, "हा नगं. हा लई वाईट."

चौथ्याची अँटेना लांब होती आणि ती पत्र्याच्या बाहेर, वरच्या कडेला बसवता येत होती. सिग्नल तुटला तर पडदा निळा व्हायचा. वीज ट्रेलरच्या दिव्यांतून घ्यायची, म्हणजे गाडी चालू असेपर्यंत चित्र राहतं; पिन चिखलानं गेलीच तर पडदा निळा होऊन तसं कळतं. पुन्हा हात वर, हात खाली. मी पळत एका बाजूनं दुसऱ्या बाजूला गेले, खाली वाकले, छत्री उघडली. आतून बरोबर आवाज येत राहिला, "डावीकडं गेलीस. वाकलीस. छत्री उगडली." दुकानातली माणसं बघत होती. ह्यांना आता त्यांचं काही वाटत नव्हतं.

दुकानदार पडदा समोर खाली बसवायला निघाला तेव्हा मीच थांबवलं. ह्यांची मान खालीही नीट वाकत नाही. दुकानदारानं विचारलं, "का हो?" मी ह्यांच्याकडं बघितलं. हे म्हणाले, "मान चिकटलीय माजी. वर लावा, आरशापाशी." पहिल्यांदाच हे परक्या माणसाला सांगत होते. दुकानदार "बरं" म्हणाला आणि स्क्रू शोधायला लागला.

पुढच्या रविवारी हे एकटे पानशेतला गेले आणि मी भोरला. वर्गात सर काय शिकवत होते ते मला आज सांगता येणार नाही. मोबाईल मांडीवर ठेवून बसले होते. नणंदेचा फोन आला तेव्हा बाहेर पळाले. ती म्हणाली, "आला. दोनदा मागं-पुडं केलं, जांभळीची साल काढली, पण लावली गाडी. चेहरा बगाया पायजे व्हता तू."

त्यानंतर माझं सगळं सुटलं असं म्हणता येणार नाही. पावसाळ्यात भिंगावर थेंब बसतात, चित्र पुसट होतं. तेव्हा घाटातून जाताना मी सोबत जाते, पण पुढच्या सीटवर बसून. गाडी मागं घ्यायची वेळ आली तर हे उतरतात, भिंग पुसतात आणि परत येऊन बसतात. मला उतरू देत नाहीत.

हिवाळ्यात वेगळंच झालं. नणंदेची मुलगी बाळंतपणाला आली आणि नणंद घरात गुंतली. आता भाकऱ्या कोण थापणार? सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. नणंद म्हणाली, "तू हायेस की." मी दोन रविवार तव्यापुढं उभी राहिले. तिसऱ्या रविवारी परीक्षेच्या आधीचा शेवटचा वर्ग होता. शुक्रवारी मी ह्यांना सांगितलं, "मी येणार नाही. दुकान बंद ठेवा, नाहीतर काय करायचं ते करा."

 शनिवारी हे भोंगवलीच्या मावसभावाकडून मक्याच्या कणसांचं पोतं घेऊन आले. रविवारी एकटेच गेले, आणि दिवसभर नुसता चहा आणि उकडलेली कणसं विकली. पिठलं मागायला आलेल्यांना सांगितलं, "आज न्हाई. बायकोचा अभ्यास हाय."

हे मला नणंदेनं सांगितलं. ह्यांनी संध्याकाळी घरी आल्यावर फक्त उरलेली कणसं परातीत ओतली आणि विचारलं, "झाला का वर्ग?"

"झाला," मी म्हणाले.