सिंहांवरची धूळ

ती घटना आठवली की आजही माझा हात रुमालाकडे जातो आणि बायको हसू लागते.

जळगावला पिंप्राळ्यात एक निवृत्त ओव्हरसियर राहत. सगळे त्यांना नाना म्हणत. त्यांना जुन्या प्रूफ नाण्यांचं वेड. म्हणजे टांकसाळीने संग्राहकांसाठी खास घडवलेली, बाजारात कधीच न फिरलेली नाणी. त्यातला सर्वात जुना संच पेटीसकट कपाटातून गेला. पंचनाम्याला मीच गेलो.

चोराच्या घाईत एक नाणं पलंगाखाली घरंगळलं होतं. मी उचललं. पृष्ठभाग असा लख्ख, की त्यात मला माझ्या मिशा दिसल्या. त्यावरच्या अशोकस्तंभाच्या सिंहांवर मात्र पांढरी भुरकी. म्हटलं, मुद्देमाल कसा स्वच्छ हवा! रुमाल काढला आणि घासलं.

“साहेब, अहो काय करताय!” नाना किंचाळले. “ती धूळ नाही! साच्यातच तसा खरखरीतपणा असतो, म्हणून चित्र पांढरं उठून दिसतं. फ्रॉस्ट म्हणतात त्याला. नाणं नेहमी कडेला धरायचं!”

सिंहांवर ओरखडा पडला. चोराच्या बोटांचे ठसे असलेच तर तेही माझ्या रुमालात गेले.

“घरी कोण कोण आलं होतं?” मी विषय बदलला.

“धुणीभांडीवाल्या अक्का. आणि धुळ्याहून भाचीचे यजमान मुक्कामाला होते. पण जावयाला ठाण्यात बोलावू नका हो, बहीण माझं तोंड पाहणार नाही.”

मीही खान्देशचाच. जावई म्हटल्यावर त्यांचा जबाब घ्यायचा मलाही धीर झाला नाही.

तेवढ्यात खबऱ्याने खबर दिली, की असोद्याला राहणाऱ्या त्या अक्कांच्या गळ्यात अचानक चांदीचं नाणं दिसतंय. झालं! महिला अंमलदाराला पाठवून अक्कांना आणलं. नाणं निघालं त्यांच्या आईचं, साक्रीकडचं, झिजून गुळगुळीत झालेलं. लेकीचा साखरपुडा आला म्हणून पेटीतून काढून घातलेलं.

“सायेब, सोयऱ्यास्ले समजनं तं पोरनं लगीन मोडी,” त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागला.

नेमके तेव्हाच जावईबापू ठाण्यात आले. स्वतःहून! मी उठून खुर्ची दिली, चहा सांगितला.

“मला त्या नाण्यांतलं ओ की ठो कळत नाही,” ते म्हणाले, “पण ही बाई साधी नाही. पोलिसी खाक्या दाखवा, कबूल होईल.”

नमुना म्हणून नानांचं ते नाणं मी टेबलावर ठेवलं आणि अक्कांना विचारलं, “अशी नाणी पाहिलीत कधी?”

अक्कांनी ते चिमटीत उचललं आणि पदराने पुसायला घेतलं. “कितली धूळ बठनी!”

“घासू नका! फ्रॉस्ट जाईल त्याचा!” जावईबापू ताडकन उठले. नाणं काढून घेतलं, दोन बोटांत अलगद कडेला धरलं आणि ट्यूबलाइटखाली तिरपं करून ओरखडा पाहू लागले. “कोणत्या गाढवाने घासलं हे?”

“मी,” मी म्हणालो. “पण जावईबापू, हे धरायचं कसं, ते तुम्हाला कोणी शिकवलं?”

चहाचा कप तसाच राहिला. पुढची चौकशी सोपी होती. धुळ्याच्या घरझडतीत पंचांसमक्ष कपाटातून मखमली पेटी निघाली. आत एकाही नाण्याला डाग नव्हता. चोर रसिक होता, एवढं कबूल करायला हवं. वर्तमानपत्रांनी लिहिलं, ‘अधिकाऱ्याने शिताफीने सापळा रचला.’ मी खुलासा केला नाही.

अक्कांना मात्र मी म्हणालो, “जा आता, सुटलात.”

त्या जागच्या हलल्या नाहीत. “गाडीमा बसाडीसन आनं ना माले? बठ्ठा गावनी दखं. आते बठ्ठा गावले सांगा, मी चोर नही शे.”

सगळ्या गावादेखत नेलं, तर सगळ्या गावाला सांगायचं, नोकरीतलं हे शिक्षण मला त्या बाईने दिलं. ठाण्याच्या दारातून माणूस बाहेर पडतो, त्याचं नाव आतच अडकून राहतं. ते ज्याने नेलं त्यानेच घरपोच करावं लागतं.

साखरपुड्याच्या दिवशी पूर्ण गणवेशात जीप घेऊन असोद्याला गेलो. पोलीस पाहताच वाजंत्री थांबली आणि मुलाकडची मंडळी उभी राहिली. ओट्यावर चढून मी मोठ्याने सांगितलं, “चोरी करणारा दुसराच होता. तो पकडला गेला तो या बाईंमुळे. यांना नेलं ही चूक माझी.”

मुलाच्या वडिलांनी पुढे येऊन अक्कांना हात जोडले. अक्कांनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि वाजंत्रीवाल्यांकडे वळल्या.

“आते काय दखतस? वाजाडा!”