पिल्लू आणि मल्लप्पाची खुर्ची

सिद्धेश्वराची शपथ घेऊन सांगतो, यातला शब्द न् शब्द खरा आहे. म्हणजे एक-दोन ठिकाणी थोडी शेंगाचटणी लावलीय. बरं, एकाच ठिकाणी. कुठं, ते शेवटी कबूल करीन. बायकोनं तसं वचनच घेतलंय.

मी अक्कलकोट रोडच्या एका टॉवेल कारखान्यात घडी-पॅकिंग बघतो. आमच्याकडे मागांखाली सुताची तूस साचते तसे किस्से साचतात. रोज झाडा, दुसऱ्या दिवशी तेवढेच! यंदाचे सगळे मात्र एकाच प्राण्यानं पाडलेले आहेत.

*

मल्लप्पा आमचा वॉचमन. मंद्रूपचा माणूस. वीस वर्षं गेटपाशी निळ्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसून कारखान्याचं रक्षण करतोय. दुपारी जेवणानंतर डोळे मिटून करतो, एवढंच. एकदा मालकांनी हॉर्न वाजवून वाजवून शेवटी स्वतः उतरून गेट उघडलं. त्याच दिवशी जाहीर केलं, शेल्टरमधून मोठ्यात मोठा कुत्रा दत्तक आणायचा!

"महिनाभर दोघं राहा," ते मल्लप्पाला म्हणाले. "मग गेटवर एकच राहील."

मल्लप्पाचा चेहरा पडला. तरी म्हणाला, "आन् त्ये कुत्रं गेट उघडतंय व्हय?"

"तू तरी कुठं उघडतोस?"

*

शेल्टरच्या मॅडमनी मालकांची मुलाखतच घेतली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मुलाखती घेतलेला माणूस, घामाघूम झाला.

"तुमच्याकडे कुणी चिडकं आहे का?"

मालकांनी माझ्याकडं बघितलं. मी पंख्याकडं बघितलं.

अटी दोन. एक, नाव बदलायचं नाही. दोन, महिन्यानं मॅडम स्वतः येऊन बघणार. करमलं नसेल तर कुत्रा परत. मालकांनी सही ठोकली आणि आतून कुत्रा आला. वासराएवढा! शेपूट हलवली तर बादली कलंडली.

"नाव काय याचं?"

"पिल्लू."

*

येताना टेम्पोत पिल्लू पुढच्या सीटवर बसला. त्याला कुणी उठवायचं, यावर चर्चा झाली नाही. मालक मागं, माझ्याशेजारी, पोत्यावर. सिग्नलला हवालदार ड्रायव्हरला दम द्यायला खिडकीशी आला, आत बघितलं, आणि सॅल्यूट ठोकून म्हणाला, "जाऊ द्या, साहेब."

मालकांना वाटलं, आपल्यालाच!

*

गेटवर आल्यावर मल्लप्पा वीस वर्षांत पहिल्यांदा खुर्चीवरून ताडकन उठला.

"ह्ये कुत्रं हाय का म्हस?"

"तुझा साहेब आहे," मालक म्हणाले.

लगेच पेंटर बोलावला. 'कुत्र्यापासून सावधान' असा बोर्ड रंगवायचा. पेंटरनं शिडी उघडली मात्र, पिल्लू शेपूट घालून मल्लप्पाच्या मागं दडला. तो दडणार किती? चारही बाजूंनी दिसत होता.

मल्लप्पा पेंटरला म्हणाला, "खाली बारीक अक्षरात लिवा की, शिडी आणू नगा म्हणून."

*

मालकांनी खास परदेशी खाद्याची पिशवी आणली. पिल्लूनं हुंगलं आणि मल्लप्पाच्या डब्याकडं तोंड केलं. मल्लप्पानं मनात डाव रचला. ज्वारीच्या भाकऱ्या चारून याला सुस्त करायचा, म्हणजे महिन्यानं मालक वैतागून हाकलतील. घरून रोज चार जादा भाकऱ्या यायला लागल्या. डाव फत्ते! जेवण झालं की पिल्लू डोकं मल्लप्पाच्या पायांवर टाकून घोरायचा. पाय हलवता येईना म्हणून मल्लप्पाही घोरायचा.

मालक ओरडले, "अरे, दोघंही झोपताय!"

"न्हाय मालक, आमी पाळीपाळीनं झोपतो."

"आत्ता कुणाची पाळी आहे?"

"दोगांची."

*

मागांच्या खडखडाटात आमचं एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही. हातवाऱ्यांवर काम चालतं. पिल्लू त्या आवाजात बाळासारखा झोपायचा. भानगड आवाज थांबल्यावर! लाईट गेली, माग थांबले, की हा उठून असा भुंकायचा की पत्रे थरथरायचे.

"म्हणजे चोर आला तर?" मालकांनी काळजीनं विचारलं.

"चोरानं येताना आधी माग बंद करायचे," मी म्हणालो, "बाकी पिल्लू बघून घेईल."

सुट्टीच्या दिवशी सगळा कारखाना गप्प. पिल्लू सकाळपासून भुंकतोय, शेजारचे भांडायला आलेले. तेव्हा मल्लप्पानं बिस्किटांचा रिकामा डबा पालथा घातला आणि काठीनं बडवायला लागला. खटाक-खट, खटाक-खट. हुबेहूब माग! पिल्लू दोन मिनिटांत आडवा. मल्लप्पा दिवसभर डबा वाजवत बसला. संध्याकाळी हात चोळत मला म्हणाला, "कुनाला सांगू नगा. ह्येला घालवायचंय मला."

मी सगळ्यांना सांगितलं. मालक तेवढे राहिले.

*

महिना भरला. मॅडम येणार म्हणून मालकांनी मल्लप्पाला मुद्दाम रजा दिली. कारखाना कुत्र्यावर चालतो, हे दाखवायचं होतं! मल्लप्पानं रजा घेतली आणि सकाळपासून समोरच्या चहाच्या टपरीवर बसून राहिला.

मॅडम आल्या. पिल्लू शांत. मालकांनी छाती फुगवली. आणि लाईट गेली!

पिल्लूनं कारखाना डोक्यावर घेतला. मॅडमनी दत्तकाचा कागद काढला, त्यावर 'परत' लिहायला पेन टेकवलं. मी मालकांच्या कानात डब्याचं सांगितलं. मालक निळ्या खुर्चीत बसले, डबा पालथा घातला आणि बडवायला लागले. खट-खट-खटाक. पिल्लू आणखी चवताळला.

मी हळूच म्हणालो, "मालक, तुमचा माग अडकतोय."

तेवढ्यात मल्लप्पा चहा टाकून रस्ता ओलांडून आला. मालकांच्या हातातली काठी काढून घेतली. म्हणाला, "उठा. खुर्ची माजी हाय."

मालक उठले.

खटाक-खट. खटाक-खट. पिल्लूनं मल्लप्पाच्या पायांवर डोकं टाकलं. मॅडमनी कागदावरचं मालकांचं नाव खोडलं आणि मल्लप्पाला विचारलं, "काका, तुमचं पूर्ण नाव?"

*

आता कबुली. हवालदाराचा सॅल्यूट? तो खरा आहे. मी रचलंय ते एवढंच, की मल्लप्पा 'खुर्ची माजी हाय' म्हणाला. तो काहीच बोलला नाही. नुसता समोर येऊन उभा राहिला.

मालक उठले.