आयर्लंडहून धायरीत आलेला अबोला

यवतमाळची गाडी सकाळी स्वारगेटला टेकली तेव्हा माझी कंबर पार धरली होती. पण मी इरेला पेटून आले होते. नववीच्या वर्गात मी सांगितलं, की स्वातंत्र्याच्या लढ्यात आपण आयर्लंड, इटली, जपानकडूनही शिकलो. त्यावर एका पोरीने विचारलं, बाई, खेड्यातल्या माणसाला आयर्लंड कुठून कळणार? मला उत्तर आलं नाही आणि ते फार लागलं. माझा भाचा इथे कॉम्प्युटर कंपनीत आहे, धायरीत भाड्याने राहतो. तो म्हणाला, माझ्या घरमालकांना विचार, ते सारखं आयर्लंडचं सांगतात.

धायरी किती लांब, असं रिक्षावाल्याला विचारलं. "आपण बसलात तर कळेल," तो म्हणाला. पुणंच ते!

सिंहगड रस्त्याला ज्वारीच्या वावराशेजारी सात मजली इमारती उठल्या होत्या. त्यांवर आयटीवाल्यांसाठी घरांच्या पाट्या.

घरमालक आबा नव्वदीला टेकलेले, धोतर-टोपीतले. त्यांच्या थोरल्या सूनबाईंनी पिठलं-भाकरी वाढली, ठेचा असा की डोळ्यांतून पाणी. जेवता जेवता आबांनी सगळं बैजवार, क्रमाने सांगितलं. त्यांच्या लहानपणी गुरुजी चावडीवर वर्तमानपत्र वाचत. त्यात एक जुनी हकीकत आली, की आयर्लंडच्या कुळांनी जमीनदाराच्या कारभाऱ्यावर हात उगारला नाही. त्याच्याशी बोलणं, त्याला विकणं, त्याचं काम करणं तेवढं सोडलं. वाळीत टाकायची खोड आपल्याकडे जुनीच, पण ती गरिबावर चालायची. सरकारच्या माणसावरही चालवता येते, हे तेव्हा गावाला कळलं.

पुढे शेतसारा वसूल करायला सरकारी कारकून आला. सगळ्यांनी गप्प राहायचं ठरलेलं, आणि पहिल्याच म्हाताऱ्याच्या तोंडून सवयीने गेलं, राम राम, या बसा, पाणी घ्या! झालं, बेत बोंबलला. मग गावाने युक्ती काढली. कारकून दिसला की प्रत्येकाने तोंडात सुपारी धरायची. त्याला कोणी जेवू घालेना, हाताने भात शिजवून कंटाळला बिचारा आणि गेला.

पोरीचं उत्तर मिळालं होतं, मी संध्याकाळीच निघायची. पण सूनबाईंनी सांगितलं, उद्या चावडी पाडायला मशीन येणार आहे. एका बिल्डरला तिथून रस्ता हवाय आणि त्याची दलाली करतोय आबांचा धाकटा मुलगा दत्ता. गाव पुन्हा अबोला धरणार होतं. अरे बाप्पा, आता कशाची जाते मी!

सकाळी सगळे चावडीवर बसलो. सुपारीचं खांड मलाही मिळालं. बरं झालं, कारण दत्ता मोटरसायकलवरून उतरला तेव्हा माझ्या वऱ्हाडी जिभेवर 'या ना जी' आलंच होतं. मागे मशीन घरघरत होतं. दत्ताने एकेकाला नावाने हाका मारल्या, थट्टा केली, मग चिडला. कोणी ओ दिली नाही. शेवटी तो आबांपुढे उकिडवा बसला.

"आबा, शिव्या द्या. पण बोला."

आबांनी मान खाली घातली नाही. सरळ त्याच्या डोळ्यांत बघत राहिले. बऱ्याच वेळाने दत्ता उठला आणि त्याने मशीन मागे फिरवायला लावलं.

घरी आल्यावर आबा जेवले नाहीत. तुमची रीत कामाला आली, असं मी म्हटलं.

"विंग्रजाच्या मानसासंगं गप बसाया काय लागतंय?" ते म्हणाले. "ह्यो माझा हाय. उद्या आला तरी मी न्हाई बोलायचा. त्यानं चावडीचा नाद सोडला की म्या सोता जेवाया वाढीन त्याला."

दुसऱ्या दिवशी परतीच्या गाडीत बसले. वर्गात आयर्लंड सांगणं आता सोपं जाईल, पण डोक्यातून आबा जाईनात. मशीन पुन्हा येणार, हे धायरीत सगळ्यांना माहीत आहे. हा अबोला महिनोन्‌महिने चालेल. आबांचं वय झालं आहे, लेकाशी बोलायला फार दिवस उरलेले नाहीत. हे त्यांना आपल्या सगळ्यांपेक्षा नीट ठाऊक आहे, आणि तरीही ते बोलणार नाहीत.